पडण्याचा तास

कुटाइसीच्या नाट्यविभागात
तळघरातली खोली क्रमांक नऊ.
आरसा एका कोपऱ्यात तडकलेला,
चोवीस दिव्यांपैकी लागतात सात,
आणि हीटर, तो नुसताच खोकतो.

इथे मंगळवारी पडायला शिकवतात.
"आधी गुडघा," त्सोत्ने सर ओरडतात,
"मग मांडी, मग खांदा.
हात टेकायचा नाही. हात मोडतो."
गाद्या दोनच. तिसरी उंदरांनी नेली
कापूस कापूस करून.
नीनुत्सा मरते, उठते, धूळ झटकते,
पुन्हा मरते.
अजून खोटं वाटतंय, सर म्हणतात.

गुलिको किल्ल्या घेऊन दारात.
एकतीस वर्षं ती उभी आहे
तास संपायची वाट बघत;
नाटक एकही पुरतं पाहिलं नाही,
शेवटची बस साडेनऊची.

परवा पुलावर बर्फ गोठला होता.
पाय सटकला आणि गुलिको पडली:
आधी गुडघा, मग मांडी,
मग खांदा.
किल्ल्यांचा जुडगा तेवढा लांब घसरत गेला.

काही मोडलं नाही.
ती तशीच पडून राहिली, खालून नदी वाजत होती.
साडेनऊची बस वळली,
तिच्या अंगावरून उजेड फिरवून गेली.

मग तिने मान वळवून पाहिलं,
कुणी बघितलं का.