वजा बावीस

कारकून म्हणाला, कारण लिहा.
अर्जात रकाने छापलेले:
यंत्रात सापडून, उंचावरून पडून, भाजून, विजेच्या धक्क्यानं.
थंडीचा रकाना नव्हता.
मी 'इतर'वर खूण केली.
एप्रिलची दुपार, खडखडणारा पंखा,
मोगलसाहेबांच्या मानेवरून घामाची धार,
आणि मी त्यांना सांगत होते, बोटं थंडीनं गेली.
त्यांनी माझ्या हाताकडं पाहिलं,
मग खिडकीबाहेरच्या उन्हाकडं.

दिंडोरी रोडवरून आत वळलं की ती पांढरी इमारत.
एकही खिडकी नाही.
आत मका, वाटाणा, आंब्याच्या फोडी
आणि वजा बावीस.
वजा म्हणजे काढून टाकणे,
हे मी पेठला चौथीत शिकले होते.
सात बायका, हातमोज्यांचे तीन जोड.
एकीची पाळी संपली की मोजा आतून ओला यायचा,
आणि वजा बावीसमध्ये ओला मोजा म्हणजे
जाऊ द्या, जिनं घातला तिला माहीत.
'वीस मिनिटं आत, दहा मिनिटं बाहेर'
अशी पाटी होती दारावर. तिच्यावरच बर्फ चढलेला.

त्या रात्री खैरनार म्हणाले, कंटेनर भरूनच बाहेर या.
आधी मुंग्या आल्या.
मग मुंग्याही गेल्या.
मुंग्या जाणं फार वाईट,
कारण तेव्हा बरं वाटायला लागतं.
पहाटे रंजीनं माझा हात चहाच्या किटलीला लावला.
किटली मला लागलीच नाही.

त्याच सकाळी पेपरात निफाडचा पारा होता, चार की साडेचार.
बागांमधून शेकोट्या पेटवल्या होत्या लोकांनी,
घडांना धग मिळावी म्हणून.
तडकलेल्या मण्यांचे फोटो काढायलाही माणूस आला होता.
त्याचं मला वाईट वाटत नाही. द्राक्ष नाजूकच.

डॉक्टरीणबाईंनी आधी लिहिलं, भाजल्यासारखी जखम.
मी म्हटलं, भाजलेलं नाही.
मग त्यांनी 'हिमदाह' लिहिलं, जपून, एकेक अक्षर.
हिम मी अजून पाहिलेलं नाही.
करंगळी गेली, शेजारची अनामिका गेली.
अनामिका म्हणजे बिननावाची, हे मला तिथंच कळलं.

कंपनीचं उत्तर चार ओळींचं:
सदर महिला त्या दिवशी कामावर हजर नव्हती.
अंगठ्याच्या मशीनवर नोंद नाही.
नोंद कुठून असणार?
पौषापासूनच अंगठ्याच्या रेषा गुळगुळीत झालेल्या,
मशीन लाल दिवा दाखवायचं
आणि ठेकेदार वहीत पेन्सिलनं लिहायचा, यमुना भोये, एक.
वही आता सापडत नाही.

बोरस्ते वकील म्हणाले, करंगळीचे टक्के वेगळे, अनामिकेचे वेगळे,
पाची बोटं सारखी नसतात, बाई.
मग स्वतःच वरमले आणि चहा मागवला.
हातच्या काकणाला आरसा कशाला, आई म्हणायची.
इथं आरसा तीन प्रतींत लागतो, साक्षांकित.

परवा एका कागदावर सही केली,
तरी मोगल म्हणाले, अंगठाही लागेल.
शाई लावून दाबला.
उमटला नुसता काळा डाग, रेष एकही नाही.
त्यांनी कागद खिडकीशी नेऊन उजेडात धरला.
बराच वेळ.
दुखतं का अजून? त्यांनी विचारलं.
आठ महिन्यांत पहिल्यांदा.
म्हटलं, दुखलं असतं तर बरं झालं असतं.

पुढची तारीख संक्रांतीनंतर.

म्हसरूळच्या खोलीवर येऊन नागलीची भाकरी थापली.
करंगळीकडची कड आता जाड राहते, थोडी कच्ची.
पोरगी तेवढी कड मोडून
ताटाखाली सरकवते,
आणि मी पाहिलं नाही असं समजून जेवते.