तुसाचं माप

साकोलीच्या पुढे, बोडीच्या पाळीखाली
आमच्या केंद्राच्या सहा बांध्या.
सायत्रा कापगते उजाडायच्या आत तिथं
उलट्या टोपलीवर बसून
लुचईच्या लोंबीतलं एकेक फूल तिरपं कापते,
चिमट्यानं सहा पुंकेसर उचलते,
मोजून सहा,
लेकराच्या तळपायातला काटा काढावा तसे.
एक मागं राहिला तर वर्ष वाया.

दहा वाजता लांब दाण्याच्या वाणाची लोंबी
वरून झटकायची. थोडी पिवळी धूळ.
मग कागदी पिशवी, पेन्सिलीनं तारीख, स्टेपलर.

महिन्यानं पिशवी उघडली,
तर दाणे आखूड, गुबगुबीत, थेट लुचई.
"बापाचं तं काईच नाई आलं, सर?"

आलंय, म्हटलं, आत आहे.
पण दाणा वाढतो तुसाएवढाच,
आणि तूस हे आईचं अंग.
त्यात बापाचं यंदा काही चालत नाही.

ती हातातलं तूस नखानं सोलत राहिली.
"म्हंजे लुगडं मायचं.
लेकरू आतमंदी."

तिसऱ्या खरिपात दोनशे चाळीस झाडं.
दहा-दहा दाणे टोकाला टोक लावून पट्टीवर,
मी व्हर्नियरनं, ती अंगठ्यानं.
माझ्या वहीत लांब दाण्याची एकोणसाठ,
तिच्या ढिगात एकसष्ट.
नागपूरहून डीएनएचा कागद आला: एकसष्ट.
मी वही खोडली.

"चौघात एक," ती म्हणाली.
"पन लांब करनारं असते तरी काय?"

लांब करणारं नाही, सायत्राबाई,
"पुरे" म्हणणारं एक वाक्य असतं.
त्यातलं एक अक्षर बदललं,
वाक्य मध्येच तुटलं,
आणि तुसाला थांबवणारं कोणी उरलं नाही.

ती हसली, पदर तोंडाला लावून.
"मंग बजारात बिघाडच महाग विकते म्हना!
अन् गिरनीत पयले तोच मोडते.
कनी आमच्या घरी येते."
मी यावर काही बोललो नाही.
आमच्या तक्त्यात कणीचा रकाना शेवटचा आहे.

डिसेंबरात उंदरांनी कपाट पोखरलं.
गेलं ते नेमकं एकशे सतरा,
सगळ्यात लांब, दुसऱ्यांदा मोजायला ठेवलेलं.
पाकिटात लेंड्या. साहेब म्हणाले, नोंद रद्द करा.

सायत्रा कपाटाखाली हात घालून
तुसं गोळा करत होती.
फुंकर मारून दहा निवडली,
उघडी पडलेली जोडून घेतली,
पट्टीवर टोकाला टोक लावली.
"माप तं याच्यातच होतं ना?"

लिहिलं: एकशे सतरा.
दहा तुसं, एकशे चार मिलिमीटर.
शेरा: दाणा नाही.

ती मात्र जेवायच्या सुट्टीत
अजून बांधीत जाते,
कापलेल्या त्या ठोंबाला
फुटवा आलाय का बघायला.