मोजमापाखाली

तार्तूत चार वाजताच अंधार.
उणे ऐंशीच्या फ्रीझरमधून लीविका
नळ्या काढते: रक्त, गर्भजल,
कुणाकुणाचं. नळीवर फक्त आकडा.

शहाण्णव खळगे. थेंब थेंब.
आईच्या पेशींना जे विरघळलेले रेणू सांगतात
"राहू दे, परका असला तरी आपलाच आहे,"
ते किती, एवढंच मोजायचं.

निळं चढतं. आम्ल पडताच पिवळं,
कुठे मोहरीचं शेत,
कुठे नुसतं लिंबू पिळलेलं पाणी.
एक्केचाळिसावा खळगा कोराच.

तक्त्यात शून्य लिहायचं नसतं.
यंत्राला दिसलं नाही, इतकंच:
मोजमापाखाली.

घरी जाताना इमायोगी गोठलेली.
नावाचा अर्थ, आई-नदी.
बर्फाखालून पाणी वाहतंय का,
पुलावरून कळत नाही.
लीविका तरी हातमोजा काढून
कठड्यावर थोडा वेळ हात ठेवते.