इंजिन एकच आहे, म्याडम

होटगी रोडच्या शोरूममध्ये एसी इतका थंड
की बाहेरचे चव्वेचाळीस अंश खोटे वाटतात.
दोन गाड्या शेजारी शेजारी. दोन्ही बुटक्या,
दोन्हींच्या पोटात टर्बो, दोन्ही
मागून रागावलेल्या मांजरासारख्या.
मल्लिनाथ हत्तरगे, सेल्स, गळ्यात पट्टा,
टॉपचं काचेचं छत एका बोटानं सरकवतो:
"आभाळ दिसतंय बघा, म्याडम."
मे महिन्यात सोलापुरात आभाळ कुणाला बघायचंय?

सतरा इंची चाकं, आठ स्पीकर,
बुडाखालून गार वारा सोडणारी सीट,
आणि शिवणीला लाल दोरा.
फरक एक लाख ब्याऐंशी हजार.
"आणि इंजिन?"
तो इकडंतिकडं बघतो. मॅनेजर फोनवर.
आवाज खाली आणतो,
ऑपरेशनचा खर्च विचारताना नातेवाईक आणतात तसा:
"इंजिन एकच आहे, म्याडम."

ठाऊक होतं मला. सहा महिने
रात्री दोन सिझेरियनच्या मधल्या वेळात
मी वजनं वाचत होते.
काच नाही, काचेची मोटर नाही:
स्टँडर्ड अठ्ठेचाळीस किलोनं हलकी.
अठ्ठेचाळीस किलो म्हणजे एक बारीक बाई,
तिला औषध किती लागतं ते झोपेतसुद्धा सांगेन.
मी भूल देते. पाच दवाखाने, एक फोन.
सात रस्त्यापासून अशोक चौकापर्यंत
रात्री तीनला रस्ता माझा असतो,
माझा, कुत्र्यांचा
आणि पाण्याच्या टँकरचा.
छोटी रिम, जाड टायर: खड्डेही
स्टँडर्डच्याच बाजूनं बोलत होते.

वडिलांना आम्ही नायना म्हणतो.
अंबादास येमूल, जॅकार्ड माग, तेहतीस वर्षं.
त्यांनी चष्मा कपाळावर चढवला,
सीटची शिवण चिमटीत धरली,
टाके मोजले. ओठ तेलुगूत हलत होते.
"हा दोरा काय धरत नाही.
खरी शिवण खाली हाय. हा नुसता दिसायला."
मी मल्लिनाथकडं जिंकल्यासारखं पाहिलं.

"पण हीच घे."

का, ते तिथं बोलले नाहीत.
जुन्या गाडीत, आसरा चौकाच्या सिग्नलला बोलले:
"तेहतीस वर्षं एक नंबर माल काढला.
चादरीवर मोर, मोराभवती वेल.
घरात काय पांघरलो आपण?
सेकंड. धागा तुटलेली. मोराला डोळा नसलेली."
सिग्नल सुटला. मागं रिक्षावाला बोंबलायला लागला.
"नायना, इंजिन एकच आहे."
"मोर बी एकच होता."

स्टँडर्डच बुक केली.
मला हलकी गाडी हवी होती, हे खरं आहे.
खरं असूनही त्या संध्याकाळी
मी ते दोनदा सांगितलं.

गाडी आली तो नळाचा दिवस, पाचवा.
सगळी गल्ली पाईप धरून उभी.
टॉप का स्टँडर्ड, कुणी विचारलं नाही.
ॲव्हरेज किती देते, एवढंच.

रविवारी दुपारची झोप काढून खाली आले
तर नायना ड्रायव्हरच्या सीटवर,
दार उघडं, एक पाय बाहेर,
स्टिअरिंगला कातडी कव्हर चढवून
सुई ओढत बसलेले. दोरा लाल.
दुकानदार बसवून देत होता, फुकट.
"त्याचे टाके लांब पडतात."
एका डोळ्यात मोतीबिंदू, बनियन भिजलेलं,
दोन तास.
मी शेजारच्या सीटवर बसले, हात लावला नाही.
टाके पडत असताना जवळ गप्प बसणं
हाच माझा धंदा.

घड्याळात दोन वाजतात त्या जागी
दोरा संपला असावा. गाठ आहे.
अक्कलकोट रोडला, टँकरच्या पुढं काढताना,
तिसऱ्यातून चौथ्यात टाकते तेव्हा
उजव्या अंगठ्याला लागते.