अठ्ठेचाळिसास एक

मे महिन्यात सोलापुरात दुपारी रंग मारायचा नसतो.
नळीतून सुटलेला हिरवा
पंखापर्यंत पोचायच्या आत हवेतच वाळतो,
पिठासारखा बसतो.
म्हणून साडेतीनला उठायचं,
पाचव्या दिवसाचं पाणी यायच्या सुमाराला.
एक कान नळाकडे,
एक हात ससाण्याच्या पोटाखाली.

हायाबुसा. म्हणजे बहिरी ससाणा.
खोक्यावर लिहिलंय, अठ्ठेचाळिसास एक.
पंख पसरून वीतभर.
दिवसा मी डेंटल लॅबमध्ये लोकांच्या दाढा घडवतो,
घरी आणतो तीच मेणसुरी, तीच कानस.
दाढ काय, इंजिन काय,
बसलं की डुगडुगता कामा नये.

भिंतीपलीकडे चिलवेरींचे माग रात्रपाळीला.
टेबल थरथरतं, वाटीतल्या पाण्याला सुरकुत्या पडतात.
कधीतरी धागा तुटतो, माग थांबतो.
पलीकडे गाठ मारून होईतो
मी कॉकपिटच्या चौकटीची एक रेघ ओढून घेतो.

नायना उठून येतात.
एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, दुसरा पिकायचाय.
चाळीस वर्षं चादरींच्या कारखान्यात रंगमास्तर.
झाकणातला हिरवा नखावर घेतात,
ट्यूबलाइटवर त्यांचा भरवसा नाही,
दाराशी जाऊन उजाडायची वाट बघतात.
"काळा घातलास?"
"घातला."
"मारलास की बे त्याला. हिरवा खोल करायला तांबडा लागतो.
टाचणीच्या डोक्याएवढा."
नव्यानं कालवला, तांबडा घातला.
रंग मागे सरकत सरकत रानाएवढा झाला.

पंखावरचा लाल गोळा मात्र त्यांना पटला नाही.
"पहिल्या धुण्यात सोडणार हा."
धुवायचं नसतं नायना, म्हटलं.
"लाल हाय ना? मग सोडणार."

नळ आला. दोन पिंपं, एक घंगाळ,
बायकोच्या हाताखाली सगळ्या कळशा.
परत येऊन खरवडायला बसलो.
खाली चंदेरी, वर तिचा केसांचा स्प्रे, त्यावर हिरवा.
ओला कुंचला फिरवून दातकोरण्यानं टोकरायचं,
जिथं बूट देऊन चढायचे तिथं जास्त.
"एवढं रंगवून खरवडतोस?"
यांना अस्तराचा हात नसायचा, मी सांगत होतो,
उन्हापावसात पोपडे निघायचे, तिकडं ब्रह्मदेशात...
"कुठं?"
ब्रह्मदेशात.

नायना खुर्ची ओढून बसले.
त्यांचे वडील नरसय्या गिरणीत हौदावर.
लढाईत चादर बंद, टॉवेल बंद, तीन पाळ्या नुसती खाकी.
कोपरापर्यंत हात खाकी,
ताटातला भात खाकी दिसायचा म्हणे.
गाठोडी रेल्वेनं जायची, कुठं ते कळायचं नाही,
एकदा मुकादम म्हणाला, ब्रह्मदेश.
"वरून माणूस दिसू नये, एवढंच काम त्या रंगाचं."
मग विमानाच्या पाठीवरून अंगठा फिरवला,
अजून ओलं होतं ते.
"ह्याचंपण तेच काम."

नाकावरच्या दोन बंदुकांची भोकं
मी दाढ कोरायच्या बरनं पाडली होती.
तीही छान गोल आली होती.

राहिला वैमानिक.
करंगळीच्या पेराएवढा, बसलेला, हात मांडीवर.
त्याचा तपकिरी झाला, आता फिकट करायचा,
गुडघे, खांदे, वापरून विटल्यासारखे.
कुंचला पांढऱ्यात बुडवला तर
नायनांनी मनगट धरलं.
भिंग लावून कितीतरी वेळ
त्याच्या तोंडाकडं बघत राहिले,
तोंड कसलं, साच्यातला एक उंचवटा.

"ह्याचं कापड कुणी रंगवलं असेल रे?"

माग थांबले होते. पाळी सुटली होती.

"विटवू नको," म्हणाले,
"पोरगं नवीन दिसतंय.
एकदापण धुतलेलं नाही."