दगड टांगलेला वाख

लटारूमामाने दोन जुड्या दिल्या होत्या,
एकीला निळी चिंधी, एकीला लाल.
दोन्ही एकाच अंबाडीच्या,
एकाच नाल्यात पंधरा दिवस सडवलेल्या,
एकाच धोंड्यावर आपटून धुतलेल्या.
फरक काय ते सांगितलं नाही.
"तुह्या मशीनले ओळखू दे."

नागपुरात मी केसाएवढा तंतू
पितळी चौकटीत मेणाने उभा चिकटवला.
तांब्यातून सुटलेला किरण
त्याच्या अंगात शिरला, विखुरला,
आणि मी चार तास शेजारच्या खोलीत
थंड झालेला झुणका खात
पंपाची घरघर ऐकत राहिले.

निळ्याच्या चित्रात, मधल्या डागाच्या दोन्ही बाजूंना
दोन काळ्या कोरी. लांब, सैल,
झोपेत घातलेल्या काजळासारख्या.
लालच्याही तिथेच,
पण आखूड. नखाएवढ्या.

कोर पसरली, तर आतल्या साखळ्या
जिला जशी वाटली तशी कललेल्या.
कोर आखडली, तर बहुतेक जणी
तंतूच्या अंगाने उभ्या, खांद्याला खांदा.
मी अंश मोजले: एकोणीस आणि अकरा.
मग ताणयंत्रावर लावून पाहिलं.
लाल जवळजवळ दीडपट ताठ.
वहीत दोनदा अधोरेखित केलं मी हे.

आर्णीच्या बसने उतरले, फाट्यावरून चालत गेले.
मामा निंबाखाली ढेरा फिरवत होता.
चित्रं त्याने उलटी धरली, मग सुलटी.
(त्यांना वर-खाली नसतं, हे मी सांगितलं नाही.)
"हे लाल," आखडलेल्या कोरीवर बोट ठेवून तो म्हणाला.
"वल्ला होता तवा दगड टांगला त्याले.
निळा तसाच फेकला कुडावर."

मग एक तंतू दातात धरला,
दुसरं टोक अंगठ्याला गुंडाळून खेचलं,
करंगळीने छेडलं.
निळा घोगरा बोलला.
लाल, तेवढ्याच ओढीत, डासासारखा बारीक.
"अन् तुह्या मशीनले चार घंटे लागले?"

मी हसले. तो हसला नाही.
त्याने लाल तंतूला गाठ मारली, ओढली.
टिक्.
निळ्याला मारली, ओढली, अजून ओढली.
गाठ बोराएवढी घट्ट झाली, तुटली नाही.
"लाल खाटेले. लोंबत नाही.
कासऱ्याले नाही चालत पोरी,
बैल मान फिरवते."

माझ्या पितळी चौकटीत
तंतू फक्त सरळ बसतो.
त्या कललेल्या, पसरलेल्या साखळ्यांना
मी वहीत 'दोष' असं लिहिलं होतं.

परतीच्या बसमध्ये मांडीवर माचिसची डबी,
तिच्यात निळ्याची ती गाठ.
किरण कुठून सोडायचा हिच्यात?
नेर येईपर्यंत
मी डबी तीनदा उघडून पाहिली.