एक पान पुढे

शरणपूर रोडच्या मागच्या गल्लीत
आमची शाळा सातला भरते.
घंटा नाही, कुकरची तिसरी शिट्टी हीच हजेरी.
नेहेम्या, सोळा वर्षांचा, पायजम्यातच.
दीना, तेरा, वेणी अर्धी घातलेली.
आधी वचन, मग बीजगणित.
आठ वर्षं हा क्रम मोडला नाही,
गोदेच्या पुरात वीज गेली
त्या आठवड्यातसुद्धा नाही.

मी स्वतः बी.ए., इतिहास, तेही बाहेरून.
रात्री सगळं निजलं की
उद्याचं पान वाचून ठेवते,
साइन, कॉस, थीटा,
ओठ हलवत, आई उपवासाच्या शुक्रवारी हलवायची तसे.
मुलांच्या एक पान पुढे.
पुरतं तेवढं, असं मी धरून चालले.

उपासना सुटल्यावर फाटकाशी लोंढेबाई म्हणाल्या,
"अगं, गावोगाव शाळा काढणारी आपलीच माणसं,
आणि तू पोरांना घरात शिकवतेस?"
मी हसले. म्हणाले, पाचारण आहे.
तिसरीत नेहेम्या डबा न उघडताच घरी यायचा,
कुणी काय काय म्हणायचं ते त्याने कधी नीट सांगितलं नाही,
हे मी बोलले नाही.
भीतीलाच पाचारण म्हणत आले का मी?
हा प्रश्न मी फक्त भांडी विसळताना विचारते,
नळ जोरात सोडून.

गेल्या ऑक्टोबरात जीवशास्त्राचा तास
मोहाडीला, शांतवानमामाच्या मळ्यात भरला.
मामा कात्री चालवत सांगत होता,
"एप्रिलची छाटणी काडीसाठी, ही फळासाठी.
हात आखडला की बाग गेली."
नेहेम्याने पायाशी पडलेली काडी उचलली,
"आणि वेलीला कोण विचारतं?"
मामा मोठ्याने हसला.
मी वहीत तारीख घातली आणि पुढे काही लिहिलं नाही.

त्यानंतर कधीतरी
तो प्रार्थनेत डोळे मिटेनासा झाला.
मला कसं कळलं?
माझेही उघडे होते.
टेबलाच्या दोन टोकांना आम्ही
एकमेकांकडे बघत राहिलो,
मधे दीना, गच्च डोळे मिटून,
सगळ्यांसाठी मागत होती.

काल त्याने अकरावीचा फॉर्म ठेवला समोर.
कॉलेज खरंखुरं, बाक असलेलं, गर्दी असलेलं.
पालकाची सही: रिकामी.
यांची प्रेसमध्ये रात्रपाळी,
जाताना म्हणाले, तूच बघ.
मी म्हटलं, आधी प्रार्थना करू.
"तू कर," तो म्हणाला, "तोवर मी भांडी घासतो."
रागाने नाही. तेच जास्त लागलं.

सणाच्या गर्दीत एक बारा वर्षांचा मुलगा मागे राहिला होता.
आईने शोधला, तिसऱ्या दिवशी सापडला,
जाणत्यांच्या मधे बसून प्रश्न विचारताना.
ही गोष्ट मी किती वर्षं शिकवली,
दर वेळी मुलाच्या बाजूने.
आईच्या त्या तीन दिवसांवर
एकदाही प्रश्न काढला नाही.

फॉर्म वहीखाली सारला
आणि दीनाच्या उद्याच्या पानावर बसले.
समीकरण सुटेना.
तो आला, हात ओलेच,
माझ्या खांद्यावरून वाकून म्हणाला,
"इथे चिन्ह चुकलंय, आई. वजा हवं."
कागदावर त्याचा ओला अंगठा उमटला,
शाई थोडी पसरली.
किती पानं पुढे गेला हा, आणि कधी?

आतून दीनाचा आवाज,
अर्धवट झोपेतला,
"दादा गेला तर आपल्या शाळेत किती जण?"
"दोघी," मी म्हटलं.
दिवा मालवला.
अंधारात पुन्हा मोजलं,
कुणाला तरी धरायचं राहिलं होतं.